बेळगाव शहर पोलिसांचं वर्ष कसं गेलं? आकडे बाजूला ठेवून सांगा

तिसरं_गेट
डिसेंबर संपला की पेपरात ठरलेली बातमी येते. शहरात वर्षभरात खून किती, घरफोड्या किती, किती तोळे सोनं मालकांना परत दिलं, गांजा किती पकडला, मटक्याच्या केसी किती, आणि शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते की अमुक गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा कमी झाले. मी दरवर्षी ते वाचतो आणि दरवर्षी तिथंच अडकतो. गुन्हे कमी झाले म्हणजे काय झालं नक्की? आमच्या गल्लीतून यंदा दोन बाईक गेल्या. एकानं केस घातली, दुसरा म्हणाला जुनी गाडी होती, चकरा कोण मारणार, आणि गेलाच नाही. म्हणजे आमच्या गल्लीतले गुन्हे कागदावर निम्मे.

आयुक्तालय 2014 साली झालं, त्याआधी शहरसुद्धा जिल्ह्याच्या एसपींकडेच होतं. दहा वर्षांवर झाली आता. चांगलं चाललंय की नाही हे माझ्यासारख्या साध्या माणसानं कशावरून ठरवायचं? आमच्या मंडळातर्फे जानेवारीअखेर आयुक्तांना एक पत्र द्यायचं ठरलंय. त्यात काय विचारावं ते तुमच्या अनुभवातून हवंय. हा धागा शिव्या द्यायला नाही. वाईट अनुभव लिहिताना ठाण्याचं किंवा माणसाचं नाव घालू नका, प्लीज.

जुना_शहापूरकर
गोवावेस ते आरपीडी कॉर्नर संध्याकाळी सहाला गाडी घेऊन या, मग वर्ष कसं गेलं ते कळतंय.

मार्केटयार्ड
मला कागदाचं काही कळत नाही. रात्री अकराला दुकान बंद करून गल्ला घेऊन निवांत घरी जाता येतंय का, एवढं मी बघतो. यंदा जाता आलं. गणपतीच्या आधी रौडी परेड घेतली, तडीपारीच्या नोटिसा निघाल्या, आमच्या भागातली दोन-तीन कार्टी गावातच दिसली नाहीत. माझ्याकडून पोलिसांना पास.

निवृत्त_हवालदार
चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच शहरात. आकडे कसे तयार होतात तेवढं सांगतो, मग ज्यानं त्यानं ठरवावं.

आधी सगळ्या गुन्ह्यांची एकच बेरीज करायचं सोडा. खून, घरफोडी, बाईक चोरी हे गुन्हे लोक येऊन सांगतात तेव्हा नोंदवले जातात. मटका, दारू, गांजा, बेकायदा हत्यार यांच्यात सांगायला कोण येत नाही, पोलिसानं स्वतः जाऊन पकडलं तरच केस होते. म्हणून मटक्याच्या केसी वाढल्या याचा अर्थ मटका वाढला असा होत नाही, त्या वर्षी त्या ठाण्यानं जास्त धाडी टाकल्या असा होतो. आणि केसी कमी झाल्या की पेपरवाले लिहितात मटका आटोक्यात. आम्ही आत बसून वाचायचो, काय बोलायची सोय नव्हती.

दुसरं, दिल्लीला एनसीआरबी दरवर्षी देशाचे आकडे छापते, तिथं एका एफआयआरला चार कलमं लागली असली तरी सगळ्यात मोठ्या गुन्ह्याचं एकच धरतात. घरात घुसून चोरी केली आणि म्हातारीला मारलं, ती मेली, तर तो खून म्हणून मोजला, चोरी त्यात बुडाली.

तिसरं, केस "निकाली" म्हणजे चोर सापडला असं समजू नका. आरोपपत्र गेलं तरी निकाली, बी रिपोर्ट गेला म्हणजे केसमध्ये तथ्य नाही असं कोर्टाला कळवलं तरी निकाली, आणि सी रिपोर्ट म्हणजे गुन्हा घडला खरा पण आरोपी सापडला नाही, तो गेला तरी फाइल बंदच. तिसरं गेट, तुमच्या पत्रात हे तीन वेगवेगळे मागा. सगळं एका आकड्यात दिलं तर घेऊ नका.

अनगोळची_माई
हवालदारसाहेब, तुम्ही लिहिलंत ते वाचून मला माझं कळलं. गेल्या फेब्रुवारीत आम्ही लग्नाला दोन दिवस बाहेर होतो. मागचं दार उचकटून कपाटातली माझी मोहनमाळ आणि दोन पाटल्या नेल्या. मोहनमाळ माझ्या सासूबाईंची होती, त्यांनी मरायच्या आधी माझ्या हातात दिलेली, म्हणून जास्त लागलं. मी मराठीत अर्ज लिहून ठाण्यात गेले. तिथं म्हणाले कन्नडात आणा. बाहेर एका टायपिंगवाल्याकडून दोनशे रुपये देऊन लिहून घेतला. त्यात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, तशीच सही केली. शिक्का मारून पोच दिली. मला वाटलं हीच एफआयआर.

चार-पाच वेळा गेले, चौकशी चालू आहे म्हणायचे. ऑक्टोबरात पोस्टानं एक कागद आला, शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी वाचून दाखवला. पुरावा मिळत नाही म्हणून तुमचा अर्ज निकालात काढला आहे. त्या म्हणाल्या ह्याला हिंबरह म्हणतात. म्हणजे केस झालीच नव्हती. चोरी झाली, पण ती वर्षाच्या आकड्यात नाही. माझं वय बहात्तर. सोनं जाऊ दे, गेलं. खरं झालेली गोष्ट झालीच नाही असं कसं होतं, ते मला अजून गिळत नाही.

तिसरं_गेट
माई 🙏 काय लिहू कळेना. मी धागा काढताना माझ्या डोक्यात जे होतं ते हेच.

वकील_खानापूर
माई, जे झालं ते चुकलंय आणि अजून दुरुस्त होतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

घरफोडी हा दखलपात्र गुन्हा. अशी माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये ललिता कुमारीच्या निकालात सांगितलंय. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या 173 कलमात तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, पण ती डीएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं आणि चौदा दिवसांत. फेब्रुवारी ते ऑक्टोबर चालणारी "पेटिशन एन्क्वायरी", म्हणजे एफआयआर न करता नुसत्या अर्जावरची चौकशी, त्यात बसत नाही.

तुम्ही सांगितलेलं लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायचं, मग सही, आणि एफआयआरची प्रत फुकट, हेही त्याच कलमात आहे. मराठीचं म्हणाल तर घटनेचं 350 कलम बघा, गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. एफआयआर कन्नडात होणार, ती राज्याची भाषा आहे, त्याला माझा आक्षेप नाही. अर्ज मराठीत द्यायचा तुमचा हक्क मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता काय करायचं. सगळी हकीकत लिहून स्पीड पोस्टानं वरच्या अधिकाऱ्याला, शहरात म्हणजे डीसीपी किंवा आयुक्तांना पाठवा, 173 चं चौथं पोटकलम त्यासाठीच आहे. तिथंही नाही झालं तर 175(3) खाली मॅजिस्ट्रेटकडे. मी फी घेणार नाही, मेसेज करा.

मार्केटयार्ड
माईंचं वाचून वाईट वाटलं. माझा पास मागं घेत नाही, खरं वरचं वाक्य जरा घाईत लिहिलं. आमच्याकडं व्यापाऱ्याचं लगेच ऐकून घेतात, एकट्या बाईला तसं होत नसेल तर बरोबर नाही.

फौंड्रीवाला
उलटा अनुभव सांगतो म्हणजे दोन्ही बाजू येतील. उद्यमबागला आमचं छोटं युनिट. ऑगस्टात आमच्या नेहमीच्या पार्टीच्या नावानं मेल आला, बँक खातं बदललंय, ह्या खात्यात भरा. मेलच्या पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं, ते आमच्या अकाउंटंटच्या लक्षात आलं नाही. पावणेचार लाख गेले. पार्टीचा फोन आला तेव्हा कळलं, आणि पुढच्या वीस मिनिटांत सायबर हेल्पलाइनच्या 1930 ला फोन लावला. मग शहराच्या सीईएन ठाण्यात गेलो, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ असं तिघांचं मिळून ते एक ठाणं. तिथला तरुण पीएसआय रात्री नऊपर्यंत आमच्यासोबत बसला. दोन लाख साठ हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते. कोर्टाची ऑर्डर घेऊन तेवढे परत आले.

सांगायचं काय तर यंदा सायबरच्या केसी वाढलेल्या दिसल्या की लोक म्हणायलेत पोलीस काय करायलेत. मी म्हणतो वाढू दे की. पूर्वी लाजेनं कोण सांगायचं नाही. विचारायचंच तर असं विचारा, किती लोकांनी पहिल्या तासात फोन केला आणि त्यातले किती पैसे परत हातात पडले. गोठवलेले आणि परत मिळालेले हे दोन आकडे वेगळे. पेपरात बहुतेक पहिलाच येतो.

आणि पुन्हा एकदा, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय म्हणून व्हिडिओ कॉल आला तर फोन कट करा. कायद्यात असली अटक नाहीच. आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड मास्तर तीन दिवस खोलीत कोंडून बसले होते हो, जेवले सुद्धा नाहीत.

कंग्राळी_बीके
मोबाईल हरवला तर सरकारचं सीईआयआर पोर्टल वापरा. कंप्लेंटची प्रत आणि बिल लागतं. माझा पाच महिन्यांनी सापडला, हुबळीला कोण तरी वापरत होता. आयएमईआय नंबर आधीच वहीत लिहून ठेवा.

शिनोळी_नाका
मी चंदगड तालुक्यातला, नोकरी बेळगावात. आमची तऱ्हा वेगळीच. संध्याकाळी वेंगुर्ला रोडच्या बसमध्ये पाकीट मारलं, हिंडलग्याच्या आसपास गेलं असणार, खरं कळलं शिनोळीत उतरल्यावर. महाराष्ट्रातल्या ठाण्यात गेलो तर म्हणाले कर्नाटकात जा. बेळगावात एका ठाण्यात गेलो तर म्हणाले बसमध्ये नक्की कुठं गेलं ते सांगा, ते आमच्या हद्दीत नाही. पाकिटात लायसन, आधार, पगाराचे साडेसात हजार. दोन दिवस हेलपाटे घातले आणि सोडून दिलं.

वकील_खानापूर
हद्दीचं कारण चालत नाही. गुन्हा कुठंही घडलेला असो, झिरो एफआयआर घ्यायची आणि पुढं संबंधित ठाण्याला पाठवायची, हे आता 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय. आपल्यासारख्या सीमेवरच्या भागात ह्याची सगळ्यात जास्त गरज. तिसरं गेट, वर्षात झिरो एफआयआर किती घेतल्या आणि त्यातल्या महाराष्ट्र, गोव्याकडे किती पाठवल्या, हा प्रश्न घालाच.

जुना_शहापूरकर
ट्रॅफिकचं कोण बोलेना. ऑगस्ट-सप्टेंबरात दंडाला पन्नास टक्के सूट दिली सरकारनं, तेव्हा रांगा लावून लोकांनी भरले. वसुलीचा आकडा मोठा दिसणार. खरं आमच्या चौकात सिग्नल बंद असतो तेव्हा माणूस नसतो, आणि पावती फाडायला झाडाखाली तिघं असतात. अपघात कुठल्या चौकात किती झाले ते चौकवार सांगा म्हणावं. त्याच्यावरून काम होतं.

क्वार्टर्समधली_लेक
मी इथं कधी लिहित नाही, फक्त वाचते. माझे पप्पा हेड कॉन्स्टेबल आहेत. वरचं सगळं वाचलं. माईंचं वाचून मला रडू आलं, पप्पांना पण वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, बराच वेळ नुसते बसून राहिले.

पण मला आमच्या घरातून वर्ष कसं दिसतं ते सांगायचंय. एप्रिल-मेला शिवजयंती, मग चित्ररथांची मिरवणूक, ती रात्रभर. मग गणपती. विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते ती कपिलेश्वर तलावावर शेवटचा गणपती जाईपर्यंत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होते, पप्पा तीस-तीस तास उभे. घरी आले की आई गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकते. मग दसरा. मग 1 नोव्हेंबर, एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि त्याच दिवशी मराठी भाषकांचा काळा दिन, त्या आठवड्यात रजा नाही. मग डिसेंबरात सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन, बाहेरच्या जिल्ह्यांतून पण पोलीस येतात, मंगल कार्यालयांत राहतात, आणि रोज कुणाचं ना कुणाचं आंदोलन. पप्पा म्हणतात ठाण्यात त्या दिवसांत उरतात किती जण, एक लिहिणारा, एक वायरलेसवर, एक पाहऱ्यावर. त्याच वेळी कोणी घरफोडीची तक्रार घेऊन आलं तर घटनास्थळी जाणार कोण.

ह्याच्यानं माईंना जे झालं ते बरोबर ठरत नाही. पण तुमच्या पत्रात एक प्रश्न आमच्यासाठी पण घाला ना. मंजूर माणसं किती, प्रत्यक्षात किती, आणि वर्षातले किती दिवस ठाण्याची माणसं बंदोबस्तावर होती. आणि आठवड्याची सुट्टी किती जणांना खरंच मिळाली.

परवा ऑक्टोबरात जुनी स्लाउच हॅट जाऊन नवी निळी टोपी आली. पप्पा आरशासमोर उभे राहून बघत होते. लहान मुलासारखे.

निवृत्त_हवालदार
लेकी, बरोबर लिहिलंस. 2012 ला सौध उघडला तेव्हापासून डिसेंबर आमच्या हातातून गेला. तपास म्हणजे सलग काम असतं. पहिल्या दोन दिवसांत शेजाऱ्यांना विचारलं, सोनाराकडं फिरलं, कॅमेरे बघितले तर धागा लागतो. तपासी अधिकारीच दहा दिवस बंदोबस्ताला गेला की कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग पुसून जातं आणि चोर शेजारच्या राज्यात. आपल्याकडनं तासाभरात महाराष्ट्र, दोन-अडीच तासांत गोवा.

आणखी एक, जे घडलंच नाही ते आकड्यात येत नाही. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबर. सगळ्या शहराच्या छातीत धडधड. मुसलमान समाजाच्या वडीलधाऱ्यांनी मिलादची मिरवणूक पुढं ढकलली, गणपतीच्या मंडळांनी मान राखला, आणि दोन्ही मिरवणुका सुखानं पार पडल्या. त्याच्या मागं गल्लीगल्लीतल्या शांतता बैठका असतात, बीटच्या पोलिसानं दोन्हीकडच्या पोरांशी चहा पीत केलेलं बोलणं असतं. त्याची कुठल्या रजिस्टरात नोंद नाही, वर्षअखेरच्या बातमीत तर नाहीच. मला विचाराल तर माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, चोर पकडणं नंतर.

मार्केटयार्ड
ह्याला हजार वेळा मान. त्या मिरवणुकीत मी होतो.

कंग्राळी_बीके
बीटवरनं आठवलं, जुलैत ते मने मनेगे पोलीस सुरू केलं ना सरकारनं, घरोघरी पोलीस येणार म्हणून. तुमच्याकडं कोण आलं का?

फौंड्रीवाला
आमच्याकडं आले. नंबर देऊन गेले, म्हाताऱ्या माणसांची चौकशी केली. बरं वाटलं.

अनगोळची_माई
आमच्याकडे अजून नाही आले.

तिसरं_गेट
सगळ्यांचे आभार. चार दिवस पत्रावर बसलोय. लांबलचक काही नको, आतापर्यंत एवढं घ्यायचं ठरवलंय. वर्षात किती अर्ज नुसते पेटिशन म्हणून घेतले आणि त्यातल्या कितींची पुढं एफआयआर झाली, किती हिंबरह देऊन बंद केले. हा सगळ्यात वर. मग आरोपपत्र, बी रिपोर्ट, सी रिपोर्ट वेगवेगळे. झिरो एफआयआर किती. सायबरमध्ये गोठवलेले किती आणि परत दिलेले किती. अपघात चौकवार. तपास कुठपर्यंत आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांत कळवायचं असतं असं वकीलसाहेबांनी मेसेजमध्ये सांगितलं, ते किती जणांना कळवलं. आणि शेवटी मंजूर माणसं, हजर माणसं, बंदोबस्ताचे दिवस, साप्ताहिक सुट्टी.

विनंती म्हणून एकच, प्रत्येक ठाण्यात मराठीतला अर्ज घ्यावा आणि एफआयआर तक्रारदाराला कळेल अशा भाषेत वाचून दाखवावी.

वकील_खानापूर
पत्र द्या, पण सोबत आरटीआय पण टाका, त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र कर्नाटकाच्या नियमात एक अर्ज दीडशे शब्दांचा आणि एकाच विषयाचा. म्हणजे तुमच्या ह्या यादीचे सहा-सात अर्ज होतील, प्रत्येकाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. आणि आरटीआयला मराठी चालत नाही, कन्नड, इंग्रजी नाही तर हिंदी.

निवृत्त_हवालदार
कन्नडात मी लिहून देतो. ऑफिसातल्या माणसाला लगेच कळेल असं, मुद्द्याचं. माईंचं स्पीड पोस्टाचं पण मीच लिहीन, आणि प्रत्येक ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवीन, मगच सही.

क्वार्टर्समधली_लेक
पप्पा म्हणाले पेटिशनचं रजिस्टर वेगळं असतं, "पेटिशन रजिस्टर" असंच नाव घालून मागा, नाही तर माहिती उपलब्ध नाही म्हणून उत्तर येईल. आणि माईंना विचार म्हणाले की पाटल्यांवर सोनाराचा शिक्का होता का, बिल किंवा लग्नातला फोटो असला तरी चालेल. प्रॉपर्टी परेडला, म्हणजे सापडलेला माल मालकांना परत देतात तेव्हा, ओळख पटवताना तेच लागतं.

अनगोळची_माई
फोटो आहे. 1977 चा, काळा-पांढरा. सासूबाईंच्या गळ्यात मोहनमाळ स्पष्ट दिसते.

तिसरं_गेट
मग शनिवारी संध्याकाळी सहाला, आमच्या मंडळाच्या ऑफिसात. माई, मी रिक्षा घेऊन येतो तुम्हाला न्यायला. फोटो आणि तो हिंबरहचा कागद दोन्ही बरोबर ठेवा, कोपऱ्यावर झेरॉक्स काढूया.